शब्दचर्चा : 'ॲक्सेसिबल ऑनलाइन रेसिडेन्सी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : निरनिराळ्या देशांतील आणि कलाप्रकारांतील कलावंतांसाठी, विशेषतः अपंग कलावंतांना अडथळ्याविना सहभागी होता यावे अशा बेताने आखलेल्या एका ऑनलाइन रेसिडेन्सीचे (म्हणजे कलावंताला ठरावीक मुदतीत आपल्या कामासाठी वेळ राखून देणाऱ्या उपक्रमाचे) निवेदन मराठीत लिहायचे आहे. 'सुलभ आभासी कलानिवास' असे नाव मी योजले आहे. परंतु जिथे कोणी राहायलाच जात नाही, त्याला 'निवास' म्हणावे काय? जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद : 'निवास'बद्दलची आपली शंका रास्त आहे, पण ती 'रेसिडेन्सी' या इंग्रजी शब्दालाही तितकीच लागू पडते. निवासी संपादक वृत्तपत्राच्या कचेरीत मुक्काम ठोकून नसतात, तरी ते पद मराठीत सुखेनैव नांदते आहे. फ्रेंच राजसत्तेने 1666 साली रोममध्ये अकादमी स्थापून आपले कलावंत तिथे राहून शिकण्यासाठी धाडले, तेव्हा राहणे हेच मुख्य होते. अमेरिकेत 1907 साली सुरू झालेल्या मॅकडॉवेल या कलावंतांसाठीच्या रेसिडेन्सी-संस्थेत मात्र दुपारचे जेवण टोपलीतून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जाण्याची रीत पडली, ती कामात खंड पडू नये म्हणून. म्हणजे छप्पर हे साधन, आणि कलावंताचा वेळ राखून देणे हे साध्य. ठरावीक मुदत, मानधन आणि सहकलावंतांचा सहवास एवढे असेल, तर प्रत्येकाने आपापल्या घरी बसून काम केले तरी ती रेसिडेन्सीच. मानधनही नाही आणि मोकळा वेळही नाही, केवळ आठवड्याला एक व्याख्यान आहे, अशा उपक्रमाला सरळ 'व्याख्यानमाला' म्हणावे.

तरीही 'कलानिवास' मला पटत नाही. तो बंगल्याच्या फाटकावरील पाटीसारखा वाटतो. 'शिष्यवृत्ती'च्या धर्तीवर 'कलावृत्ती' करून पाहिले, पण वाचणारा तिचा अर्थ 'कलासक्त स्वभाव' असा घेईल. पेशवाईच्या अखेरीस दरबारात बसलेल्या इंग्रज रेसिडेंटामुळे 'रेसिडेन्सी' हा शब्द मराठीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे (त्याचा तो इतिहास सुखद नाही, हे खरे). तोच ठेवावा. 'आभासी' मात्र काढून टाकावे. आभास म्हणजे जे नसताना भासते ते; इथे काम खरे, माणसे खरी आणि मानधनही खरे आहे. 'ऑनलाइन' सर्वांना कळते.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी मी सहमत आहे, परंतु खरी अडचण 'ॲक्सेसिबल'ची आहे. 'सुलभ' म्हणजे सहज मिळणारे. त्यामुळे 'सुलभ रेसिडेन्सी' म्हटले की निवड सहज होते असा समज होईल. 'सुगम' कलेच्या संदर्भात वापरणे त्याहून धोक्याचे, कारण 'सुगम संगीत' या रूढ प्रयोगामुळे ती शास्त्रीय गायकांसाठी नाही असेच कोणाला वाटायचे. 'प्रवेशयोग्य'मध्ये तर अर्थ पुरता उलटतो : योग्यता जागेची तपासायची सोडून ती अर्जदाराकडे जाते. उरतो 'सुगम्य'. सरकारी वापरामुळे तो थोडा कोरडा झाला आहे, पण पोहोचता येण्याजोगे करण्याची जबाबदारी तो योजणाऱ्यावर टाकतो, म्हणून मी त्याच्याच बाजूने आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे तिसावे कलमही हाच रोख धरते. अपंग व्यक्तींना आपली सर्जनशीलता वाढवण्याची आणि वापरण्याची संधी मिळेल अशी पावले उचलणे हे राज्यांचे काम आहे, असे ते म्हणते.

मात्र हे विशेषण नुसते लटकवून भागणार नाही. एखादी चित्रकार पडद्यावर आपले काम दाखवत 'हा इथला रंग पाहा' एवढेच म्हणाली, तर अंध संगीतकाराच्या हाती काहीच लागत नाही; 'वरच्या डाव्या कोपऱ्यात गेरूचा जाड पट्टा आहे, तो खाली येता येता विरळ होतो' असे म्हटले, तर त्याला बोलायला विषय मिळतो. कर्णबधिर कलावंतांच्या बाबतीत 'दुभाषी आहे' हे विधानही अपुरे पडते, कारण खुणांची भाषा जगभर एकच नाही. ब्रिटन आणि अमेरिका यांची बोलभाषा इंग्रजी असली, तरी त्यांच्या खुणांच्या भाषा एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की एकीचा जाणकार दुसरी आपोआप समजू शकत नाही. ('सांकेतिक भाषा' हा शब्द मी टाळतो, त्यात गुप्त लिपीचा वास येतो.) भेटींच्या वेळांचेही तेच. एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र असते, आणि लवकर थकवा येणाऱ्या माणसाला सलग बैठक झेपतेच असे नाही. म्हणून ध्वनिमुद्रण व लेखी प्रत नंतर उपलब्ध करणे हाही सुगम्यतेचाच भाग आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : दोघांचेही आभार. कलाप्रकार या अर्थाच्या 'डिसिप्लिन'साठी भाषांतर करणाऱ्या यंत्राने 'शिस्त' सुचवली होती, ती अर्थातच बाद केली. सुधारलेले वाक्य असे : "विविध देशांतील व कलाप्रकारांतील कलावंतांसाठी सुगम्य ऑनलाइन रेसिडेन्सी. अर्ज लेखी, ध्वनिमुद्रित किंवा खुणांच्या भाषेतील चित्रफितीच्या रूपाने पाठवता येईल. प्रत्येक भेटीत थेट कॅप्शन असतील."

दुसरा प्रतिसाद : 'कॅप्शन'पुढे ती कोणत्या भाषेत असतील, तेही लिहावे. खुणांच्या कोणत्या भाषांचे दुभाषी मिळतील, हे त्याच ओळीत नावानिशी आले, तर अर्ज करावा की नाही हे कर्णबधिर कलावंताला पत्रव्यवहार न करता ठरवता येईल.