डोमेन मास्किंग करून फॉरवर्ड केलंय, गूगलवर नवा पत्ता येत नाही. ठेवावं की काढावं?

पाचपाखाडीकर:
वहिनी घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतात. साइट ब्लॉगस्पॉटवर आहे. पत्रकावर छापायला सुटसुटीत पत्ता हवा म्हणून डॉट इन डोमेन घेतलं आणि पॅनेलमध्ये ‘फॉरवर्डिंग विथ मास्किंग’ (साइट उघडते पण वर पत्ता नवाच दिसतो) निवडलं. नव्या पत्त्यावर साइट उघडते, पण गूगलवर मोदक, नौपाडा, ठाणे काहीही टाकलं तरी येतो तो ब्लॉगस्पॉटचाच पत्ता. पत्रकं छापून झालीत. काय करावं?

नेरुळचा_मंदार:
काढाच. मास्किंगमध्ये तुमच्या डोमेनवर साइट नसतेच. तिथे असतं चार ओळींचं एक पान, त्यात फ्रेम, म्हणजे दुसरी साइट दाखवणारी खिडकी, आणि फ्रेमच्या आत ब्लॉगस्पॉट. कॉम्प्युटरवर नवा पत्ता उघडून कंट्रोल-यू दाबा, पानामागचा कोड दिसेल. दर, फोटो, फोन नंबर यातलं काहीच त्या कोडमध्ये दिसणार नाही. गूगलच्या हातीही जवळपास कोरं पानच लागतं. मजकूर जिथे खरोखर आहे, श्रेय त्या पत्त्याला जातं.

शिवाय दरपत्रक उघडलं तरी वरचा पत्ता बदलत नाही. कोणी तो व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरचा मुखपृष्ठावर जाऊन पडतो. आणि बाहेरच्या पानात व्ह्यूपोर्टची (पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी) ओळ नसेल तर मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ऑर्डर देणारे बहुतेक मोबाइलवरच असतात हो!

घोडबंदर_रोड:
मास्किंगमुळे गूगल दंड लावतं असं ऐकलंय. मग डोमेनच वाया गेलं ना?

नेरुळचा_मंदार:
नाही. नुसत्या फ्रेममुळे दंड बसत नाही. तिथे इंडेक्स करण्याजोगं, म्हणजे गूगलने आपल्या यादीत घेण्याजोगं, काही नसतं, एवढंच. डोमेन बिनधास्त वापरा.

वाशीची_कल्याणी:
मास्किंग काढून साधं 301 रिडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचं दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) लावलं तर पत्रकावरचा पत्ता चालेल, पण गूगलवर नाव ब्लॉगस्पॉटचंच राहील. त्यापेक्षा डोमेन थेट ब्लॉगरला, म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणाऱ्या सेवेला, जोडा. आधी फॉरवर्डिंग बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या आड येतात. मग ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेन टाका. तिथे दोन सीनेम रेकॉर्ड (डोमेन कुठे वळवायचं ते सांगणाऱ्या नोंदी) मिळतील, ते डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे या नोंदी ठेवायच्या जागी, जसेच्या तसे भरा. डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू न लावता येणाऱ्यांसाठी डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (तशीच आणखी एक प्रकारची नोंद) आणि ब्लॉगरमध्ये ‘रिडायरेक्ट डोमेन’ही करून ठेवा, पत्रक बघून टाइप करणारे तसंच टाइप करतात. शेवटी एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालू करा. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, त्यामुळे जुन्या लिंका मरत नाहीत.

नंतर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) नवं डोमेन टाकून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. गूगल बिझनेस प्रोफाइल असेल तर तिथलीही लिंक बदला. ‘ठाण्यात मोदक’ शोधणाऱ्याला आधी नकाशाच दिसतो.

पाचपाखाडीकर:
म्हणजे पत्रकं तशीच वाटता येतील?

वाशीची_कल्याणी:
हो, छापलेला पत्ता तोच राहतो. फक्त हे काम आत्ताच उरका. डीएनएस बदलल्यावर साइट थोडा वेळ उघडते-बंद पडते, एचटीटीपीएसलाही वेळ लागतो, आणि गूगलवर नवा पत्ता यायला आठवडे जाऊ शकतात. गणपतीच्या आठवड्यात डीएनएसला हात लावू नका.