पिकअपच्या सनरूफची काच: बदलायची, की अजून एक पावसाळा काढेल?

तांबडी_माती

गाडी डबल केबिन पिकअप, २०१७ ची. सनरूफ कंपनीचं नाही, बाहेरून बसवलेलं. एकच काच, मोटरवर मागे सरकते. गाडी मालवणच्या बाजूला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उघड्यावर उभी असते. रोजच्या फेऱ्या चिरेखाणीच्या रस्त्याने, आणि महिन्यातून दोन-तीनदा करूळ किंवा आंबोली घाटातून कोल्हापूर.

सध्याची लक्षणं अशी:

काचेच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, कडेच्या काळ्या पट्टीवर, डंपरमागून उडालेल्या खडीचा टवका गेलाय. तुरीच्या डाळीएवढा. मागच्या कडेला पांढुरकी झाक आलीय, पुसली तरी जात नाही. अवकाळी पावसात डाव्या सीटच्या पायाशी पाणी आलं. सत्तरच्या वर गेलं की शिट्टी वाजते, आणि खड्ड्यातून जाताना डोक्यावर 'टक्' असा आवाज येतो.

एक मेस्त्री म्हणतो अख्खं सनरूफच बदला. दुसरा म्हणतो चारी बाजूंनी सिलिकॉन मारून टाकू, विषय संपला. मृग तोंडावर आलाय. खरंच काच गेली आहे का, हे ओळखायचं कसं?

काचकाम

सिलिकॉन मारू देऊ नका, बाकीचं नंतर. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी रबराच्या आत येतं, काचेभोवतीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. सिलिकॉन मारलंत तर काच उघडणार नाही, पाणी तरी कुठून तरी शिरेलच, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन असेल तर ते पत्र्याला गंज धरवतं. खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको.

आता काच. तिच्या एका कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तो वाचा. 'टेम्पर्ड' किंवा 'टफन्ड' लिहिलंय, की 'लॅमिनेटेड', म्हणजे मधे पातळ पडदा घालून चिकटवलेल्या दोन काचा? भारतीय काच असेल तर आयएसआय खूण आणि आयएस २५५३ दिसेल, बाहेरची असेल तर वर्तुळातला ई आणि ४३आर. शिक्काच नसेल तर ती गाडीची काच नाही, कुणीतरी कापून बसवलेली आहे. तशी असेल तर पुढचं काही वाचू नका, बदला.

सरकत्या सनरूफची काच बहुतेक वेळा टेम्पर्डच असते, आणि घोळ इथेच होतो. लोक तडा शोधत बसतात. टेम्पर्ड काचेला समोरच्या काचेसारखा हळूहळू वाढणारा तडा जातच नाही. ती एकदम फुटते, अख्खी, खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत. बनवताना ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे वरचा थर दाबात राहतो आणि पोट ताणात. दाबातला थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे ४ मिमी काचेला ०.८ मिमी. टवका तेवढा खोल गेला की ताण मोकळा होतो आणि काच संपते.

म्हणून टवक्याची लांबीरुंदी नका मोजू, खोली आणि जागा बघा. नख आडवं फिरवा. मधल्या भागात टवका असेल आणि नख अडकत नसेल तर काच चालू द्या. नख अडकत असेल, किंवा टवका कडेपासून इंचभराच्या आत असेल, तर बदला. कड हा टेम्पर्ड काचेचा सगळ्यात नाजूक भाग. मधोमध बसलेला दगड ती सोसेल, कडेवर पान्याची टोच बसली तरी जाईल.

समोरच्या काचेचा टवका रेझिनने भरतात तसं इथे कुणाला करू देऊ नका. ती युक्ती लॅमिनेटेडसाठी. टेम्पर्डला ड्रिलचं टोक लागलं की हातात खडीसाखर.

घाटवाट६६

टवक्याचा इतका बाऊ कशाला? काळ्या पट्टीवर दिसला म्हणजे कड उघडी पडलीच असं नाही. बऱ्याच सनरूफमध्ये कडेभोवती प्लास्टिकचा साचा असतो. खडी पट्टीवर बसली आणि वरचा कपचा उडाला, एवढंच असू शकतं. आमच्याकडे महामार्गावर खडीचे डंपर कायमचेच. दरवेळी काच बदलायची म्हटलं तर दिवाळं निघेल.

मला 'टक्' आवाजाची जास्त काळजी वाटते. काच फ्रेमवर पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते. तो गोंद सुटायला लागला की खड्ड्यात काच आणि फ्रेम वेगवेगळ्या हलतात. पळत्या गाडीच्या छपरावर हवा काचेला वर ओढते. घाट उतरताना काच उडून मागच्या दुचाकीवर गेली तर?

तपासायचं असं. काच पूर्ण बंद करा. बाहेरून चारी कोपऱ्यांवर तळवा ठेवून आळीपाळीने दाबा आणि दुसऱ्या माणसाला आतून काच-फ्रेमच्या जोडाकडे बघायला सांगा. दोन्ही मिळून हलले तर सैलपणा रेलमध्ये किंवा स्क्रूमध्ये आहे, काच ठीक. नुसती काच हलली तर गोंद सुटला. मग जोडात लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून बघा. चार-पाच मिलिमीटर आत गेला तर गाडी तशीच कोल्हापूरला नेऊ नका.

काचकाम

कडेला प्लास्टिकचा साचा असेल तर मुद्दा मान्य, पण बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सनरूफमध्ये तो नसतो, नुसतं रबर असतं. रबर बोटाने बाजूला करून बघितलं की कळेल. आणि 'टक्'चा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. क्रम तोच ठेवा: आधी गोंद, मग टवका.

पांढुरक्या झाकेबद्दल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने पुसा, पाच मिनिटं राहू द्या, परत पुसा. गेलं तर खारं होतं, काचेला काही नाही. नाही गेलं आणि काच लॅमिनेटेड असेल तर दोन काचांमधला पडदा कडेने सुटायला लागलाय. तो परत चिकटत नाही, झाक आत सरकत जाते. टेम्पर्ड असेल तर आत पडदा नसतोच, म्हणजे ती झाक बहुधा काचेखालच्या गोंदाची आहे. त्याच कडेला तांबूस ओघळ दिसतोय का बघा. फ्रेम गंजून फुगते आणि काचेला खालून रेटते. तुमचा 'टक्' तिथलाच असू शकतो.

माडाखाली

गाडी माडाखाली लावतास काय? मगे काच बदललास तरी पुढच्या पावसात परत तांच. नारळ रवांदे, नुसती झावळ पडली तरी कोपरो जाता. पयली जागा बदला.

पन्हळ

पाण्याकडे कुणी नीट बघितलंच नाही. पायाशी आलेल्या पाण्याचा काचेशी दहापैकी नऊ वेळा संबंध नसतो. नळी तुंबलेली असते.

सनरूफ उघडा आणि काचेखालच्या पन्हळीत हात फिरवा. आपल्याकडे तिथे काय सापडतं ते ठरलेलं आहे: किनाऱ्यावर सुरूच्या सुया आणि वाळू, आत गावात आंब्याचा मोहोर. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गाडीवर पडतो, त्यावर तांबडी धूळ बसते, आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होऊन थेट नळीत जातो. सुरूची सुई आडवी अडकली की मागचं सगळं तिला धरून बसतं.

पाव लिटर पाणी घ्या आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात सावकाश ओता. पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा मडगार्डच्या आतून ते लगेच धारेने खाली यायला हवं. थेंबथेंब आलं तर नळी अर्धी तुंबली आहे. अजिबात आलं नाही तर ओतणं थांबवा, नाहीतर ते छताच्या कापडात मुरेल. चारी कोपऱ्यांना असंच करा. पिकअपला मागच्या नळ्या केबिनच्या पाठीमागून उतरतात.

साफ करायला ग्रासकटरची नायलॉन दोरी घ्या, २ मिमीची, सुताराच्या दुकानातली तार नको. दोरीचं टोक लायटरने वितळवून गोल करा, नाहीतर नळीला भोक पडेल. वरून घाला, फिरवत फिरवत खाली न्या, मग कोमट साबणपाणी सोडा. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. नळी पन्हळीच्या तोटीवरून निसटते, आणि मग सगळं पाणी छत पेलणाऱ्या खांबाच्या आत. परत बसवायला छताचं कापड उतरवावं लागतं.

बाहेरून बसवलेल्या सनरूफमध्ये आणखी एक लबाडी सापडते. बसवणारा नळीचं टोक बाहेर काढतच नाही, खांबाच्या पोकळीत सोडून देतो. पाणी दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक खूश. चार-पाच पावसाळ्यांनी खांबाचा तळ गंजतो. ओतलेलं पाणी आत गेलं पण बाहेर कुठेच आलं नाही, तर ही शक्यता धरा. डाव्या पायाशी फ्यूज बॉक्स असेल तर हे काम काचेच्याही आधी.

शिट्टीचं सोपं आहे. दहाची नोट रबरात धरून काच बंद करा आणि ओढा. चारी बाजूंना सारखी अडकायला हवी. जिथे सुळकन येते तिथे रबर दबून गेलंय किंवा काच वर-खाली झालीय. रबर फाटलेलं किंवा कडक झालेलं नसेल तर बहुतेक वेळा नुसती उंची जुळवून भागतं. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा (हे वंगण, मेस्त्रीचं भेगा बुजवायचं सिलिकॉन नव्हे). खोबरेल लावायची सवय असेल तर ती सोडा, धूळ धरून ते खरकागद होतं.

तांबडी_माती

सगळं करून बघितलं. शिक्का 'टेम्पर्ड', आयएस २५५३ आहे. कडेला प्लास्टिक नाही, नुसतं रबर. टवका कडेपासून बोटभर आत, नख अडकतं. झाक व्हिनेगरने गेली नाही, मागच्या कडेला तांबेरा आहे, आणि तिथे कागद साधारण ६ मिमी आत जातो. पाव लिटर ओतलं तर पुढच्या डाव्या नळीतून काही आलं नाही. दोरी फिरवल्यावर सुया आणि चिखल निघाला, आता धार लागते. नोट फक्त मागे सुटते.

म्हणजे काच बदलायची, एवढं कळलं. नुसती काच मिळते का? इथला काचवाला म्हणतो माप द्या, कापून देतो. आणि विम्यातून काही मिळेल का?

काचकाम

मागे नोट सुटते आणि कागदही तिथेच जातो, म्हणजे तिथे फ्रेमने काच उचलली आहे. बदलाच.

टेम्पर्ड काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. तिला आधी मापात कापून, कडा घासून, भोकं पाडून मग भट्टीत घालतात. तुमचा काचवाला कापून देणार म्हणजे खिडकीची साधी काच देणार. ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे डोक्यावर. अॅक्रिलिकही नको, दोन उन्हाळ्यांत ओरखडून आंधळं होतं.

समजा त्याने भट्टीतून करून आणली, तरी काळी पट्टी विचारा. ती शोभेची नाही. खालच्या पॉलियुरेथेनला ऊन लागलं की ते भुगा होतं, त्याला सावली म्हणून ती पट्टी काचेवर भाजलेली असते. पट्टी नसलेली काच चिकटवली तर हाच 'टक्' परत येणार.

काच फ्रेमसकट मागवा. तुमची फ्रेम गंजलीच आहे. काचेवरचं नाव काच बनवणाऱ्याचं असतं, ते सांगून उपयोग नाही. आतला सरकता पडदा मागे ढकलून फ्रेमच्या किंवा रेलच्या बाजूला स्टिकर शोधा: वेबास्टो, इनाल्फा किंवा जो कुणी असेल तो, आणि मॉडेल क्रमांक. त्याचा फोटो पाठवून मागवा. गाडीचं मॉडेल सांगून मागवलीत तर चुकीची येईल, कारण गाडी बनवणाऱ्याला हे सनरूफ माहीतच नाही.

घाटवाट६६

विम्याचं: पॅकेज पॉलिसीत काचेवर घसारा शून्य, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के. पण गंजून गोंद सुटणं ही झीज, तिला विमा मिळत नाही. टवका हा अपघात म्हणून दाखवता येईल, पण सनरूफ पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून नोंदवलेलं असेल तरच. छप्पर कापून बसवलंय, त्यामुळे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा, म्हणजे वाहनातल्या बदलाचा, प्रश्नही सर्व्हेअर काढू शकतो. आणि दावा केलात की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत चढला असेल तर आधी हिशेब करा, खिशातून भरणं स्वस्त पडू शकतं.

पन्हळ

बसवताना छत उतरवावं लागत नाही. काच तिरकी उघडली की दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्यांखाली दोन-तीन स्क्रू दिसतात, बहुतेक टॉर्क्स टी-२५, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे. खाऱ्या हवेत ते अडकलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल एकेक थेंब टाका, आणि डोकं झिजलं तर जोर करू नका. नवीन काच ठेवून स्क्रू नुसते टेकवा, काच बंद करा, मग उंची जुळवा: पुढची कड छपराशी सपाट किंवा मिलिमीटरभर खाली, मागची सपाट किंवा मिलिमीटरभर वर. उलटं झालं की शिट्टी. नंतर घट्ट करा, परत नोट फिरवा. मोटर अर्ध्यात थांबत असेल तर तिला जागा नव्याने शिकवावी लागते. बहुतेक मॉडेलमध्ये बंद करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की काच स्वतः एक फेरी मारते.

काच येईपर्यंत सनरूफ उघडू नका, आतला पडदा ओढलेला ठेवा, भर दुपारी तापलेल्या छपरावर विहिरीचं गार पाणी मारू नका. धड काच ते सहज सोसते, टवका गेलेली सोसेलच असं नाही. मधेच फुटली तर बटणाला हात लावू नका, तुकडे रेलमध्ये जाऊन केबल खातात. हातमोजे घालून व्हॅक्यूमने ओढा, पन्हळीतले तुकडे चिमट्याने वेचा, आणि वरून जाड प्लास्टिक बाहेरच्या बाजूने कोरड्या पत्र्यावर टेपने चिकटवा, पुढची कड सगळ्यात आधी. खिडक्या बंद ठेवून सावकाश चालवा, नाहीतर आतली हवा प्लास्टिक फुगवून उचकटते.