पूरपट्ट्यातला सागवानी वाडा मळ्यात न्यायचाय: जॅकवर उचलून की उतरवून?

कृष्णाकाठ
वाळवा तालुक्यात नदीलगत गावठाणात जुना वाडा आहे. पुढं पाच खणी सोपा (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा), आत माजघर. खांब-तुळया सागवानी, वर मातीचं सपाट माळवद, भिंती खाली काळ्या दगडाच्या नि वर भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या), सगळं मातीत. मागं १९९४ साली विटा-सिमेंटात बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या (१६ बाय ३२). शेजारी पाइपच्या ट्रसवर पत्र्याचा गोठा, २० बाय ३०. २०१९ ला वाड्यात साडेपाच फूट पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आत आलं. दीड किलोमीटरवर उंचावर मळ्यात जागा आहे, जमीन काळी. जेसीबीवाला एका दिवसात पाडून लाकूड उचलायला तयार आहे, पण पाडायचं नाही. हरियाणाकडचे लोक जॅक लावून अख्खं घर उचलतात, सरकवतात, तसं हे सगळं नेता येईल का?

ओळंबा
तुमच्याकडं तीन वेगवेगळ्या जातीच्या इमारती आहेत, त्यामुळं उत्तरंही तीन.

वाडा जॅकवर उचलता येत नाही. जॅकनं उचलायला भिंत एकसंध लागते. दगड-मातीची भिंत म्हणजे बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये भर. खालून दोन फूट दगड काढला की मधली भर ओघळते आणि बाहेरचा थर पोट काढतो. मात्र त्या भिंतींवर वाड्याचा भार फारसा नसतो, तो सागवानी सांगाड्यावर असतो. तो सांगाडा सुटा होतो, म्हणून वाडा उतरवून न्यायचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडहून असाच आणून उभा केलाय. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमधली घरंही गावोगावची उतरवून पुन्हा बांधलेली आहेत.

स्लॅबच्या खोल्या उचलता येतील, पण जागच्या जागी. हिशेब बघा. पाच इंची स्लॅब आणि वरचं वॉटरप्रूफिंग धरून चौरस फुटाला ४०-४२ किलो, म्हणजे २१ टन. नऊ इंची भिंत दहा फूट उंच असेल तर धावत्या फुटाला ४३०-४५० किलो. तुमच्या मापात ११० फूट भिंत येते. दारं-खिडक्या वजा करून ४५ टनांच्या आसपास. एकूण पासष्ट-सत्तर टन. वीस टनी स्क्रू जॅक चारच पुरतील असं वाटतं, पण लागतात पन्नास-साठ, कारण विटांची भिंत दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर अधांतरी राहिली की तडकते. जॅकची संख्या वजनावर ठरत नाही, भिंतीच्या दमावर ठरते.

एवढं धूड गावातल्या रस्त्यानं दीड किलोमीटर नेणं विसरा. चेकोस्लोव्हाकियात मोस्ट गावी १९७५ साली एक अख्खं चर्च ८४१ मीटर सरकवलं होतं, पण त्यासाठी रूळ टाकले होते आणि पाठीशी सरकार होतं. आपल्याकडं वळणावरचा पहिला ओटाच आडवा येईल.

मिरजवाला
जागच्या जागी उचलण्याआधी पूररेषेच्या नकाशात घर कुठं येतं ते पाटबंधारे खात्याकडून बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांची. निळीच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तीन फूट उचलून साडेपाच फूट पाणी चुकत नाही. ठेकेदार तीन फुटांचा दर सांगतात कारण तो ऐकायला बरा वाटतो.

दर चौरस फुटावर सांगतात, पण त्यात बहुतेक वेळा भराव, फरशी, पायऱ्या, संडास-बाथरूमच्या लायनी धरलेल्या नसतात. तुमचे ५१२ चौरस फूट साडेसहा फूट उचलायचे तर भराव ३३०० घनफूट, म्हणजे ३३ ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, चाळीस ब्रास धरा. हा आकडा आधी मांडा, मग जॅकवाल्याशी बोला.

ओळंबा
मिरजवाल्यांशी सहमत. तरीही उचलायचं ठरलंच, तर बिघडतं कुठं ते सांगतो.

काळ्या मातीवर थेट जॅक ठेवला की तो वर जायच्या ऐवजी स्वतः खाली जातो. आधी चर खणून मुरमापर्यंत जायचं, सहा इंची पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) टाकायची, ती चांगली पिकली की जॅक. भिंत एकदम पोखरायची नाही. एक तुकडा काढायचा, दोन सोडायचे. जॅक आणि भिंत यांच्यामध्ये लोखंडी चॅनेल सलग हवं. शिट्टीवर सगळ्यांनी एकाच वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक कोपऱ्यावर लेव्हलच्या नळीची खूण. टाकी रिकामी, माणसं बाहेर. पहिल्या भेगा दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांत तिरक्या दिसतात. तिथं काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवा, पट्टी फुटली की थांबायचं. मागून जोडलेलं बाथरूम मूळ भिंतीत गुंतवलेलं नसतं, ते हमखास सुटतं. ते आधी तोडून वेगळं केलेलं बरं.

चार फुटांच्या वर नुसती वीट चढवू नका. कोपऱ्यांत आणि दर आठ-दहा फुटांवर आरसीसी पिलर, खाली-वर आरसीसी पट्टी. १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरून उंच पायावर बिनपट्टीचं घर ठेवणं बरोबर नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

माझं मत विचाराल तर त्या दोन खोल्यांवर पैसा घालू नये. वैरण-अवजारांना ठेवा. तो पैसा वाड्यावर घाला.

रंधा-पटाशी
वाडा उतरवायचं काम सुताराचं आहे, जेसीबीचा तिथं संबंध नाही. जेसीबीनं ओढलेल्या तुळईचं कुसू (सांध्यात बसणारं निमुळतं टोक) तुटलेलं असतं, मग ती तुळई राहत नाही, नुसतं लाकूड उरतं. विकत घेणाऱ्याला तेच हवं असतं.

आधी नकाशा काढा. खांबांच्या उभ्या ओळींना क, ख, ग आणि आडव्यांना १, २, ३. क-२ खांबावर बसणारी तुळई क२-क३, दोन्ही टोकांना तेच. खडूनं लिहू नका, पहिल्या सरीत जातं. पत्र्याची छोटी चकती ठोकायची किंवा झाकल्या जाणाऱ्या अंगावर पटाशीनं खूण. सोबत पूर्वेकडचं अंग कोणतं आणि वरचं कोणतं, हेही. हे राहिलं तर दोनशे वर्षं एकमेकांना घासून बसलेले सांधे उलटे लागतात, आणि मग दोष लाकडाला देतात. जुन्या सुतारांच्या खुणा बहुतेक वेळा आधीच कोरलेल्या सापडतील, त्या पुसू नका.

माळवदाची माती सगळ्यात आधी. वजनाचा अंदाज असू द्या: दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, साडेचार टन. एका कडेनं उपसत गेलात तर सांगाडा भरल्या बाजूला कलतो. मधून सुरू करून दोन्हीकडं सारखी काढा, आणि त्याआधी प्रत्येक खणात आडवे-तिरपे धिरे द्या. मग कडीपाट (तुळयांवरच्या कड्या नि फळ्या), मग तुळया, मग हस्त (खांबाच्या माथ्यावरचा तुळईचा आधार), शेवटी खांब. भिंत तुळयांच्या खाली उतरत उतरत न्यायची.

सांध्यातली मेख (खुंटी) निमुळत्या टोकाकडून ठोकून काढायची. पहार घालून तुळई उचकटली की कुसवाचा खांदा फुटतो. लाकडी मोगरीनं दोन्ही टोकांना आलटून पालटून ठोके, वर चेनपुलीचा ताण. पाच खणी सोप्याला तीन सुतार आणि चार गडी असले की दोन आठवडे धरा, भिंतीचं वेगळं.

भिंतीत गेलेली तुळईची टोकं आणि खांबाचे बुडखे हे दोनच ठिकाण बहुधा कुजलेले असतात. पुराच्या घरात बुडखे तर नक्की. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. बोटभर आत गेला की तेवढं कापा. तुटलेल्या कुसवाच्या जागी नवं सागवानी कुसू इपॉक्सीत बसवून मेख मारता येते. बुडख्याला डांबर फासू नका, ओल आत कोंडते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड साधारण ६०:४० प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्या. पावसात मात्र ते धुऊन जातं, म्हणून छपराखाली आल्यावरच. रचताना जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये इंचाच्या पट्ट्या, वर पत्रा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर बुरशी.

मिरजवाला
कागदांचं थोडं. सागवान ट्रॉलीत दिसलं की अडवतात. जुनं घरचं लाकूड आहे म्हणून सूट गृहीत धरू नका. उतरवण्याआधीचे फोटो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि नगांची मापांसह यादी जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्यासाठी अर्ज करा. मळ्यातल्या जागेवर बांधकामाची परवानगी आधी. घर उतरवून सांगाडा ताडपत्रीखाली आणि परवानगी अडकलेली, हा प्रकार टाळा.

ओळंबा
रंधा-पटाशींच्या उत्तरात एक जोडतो, कारण पुन्हा उभारताना इथंच चुकतं. जुन्या वाड्यात खांब तळखड्यावर (बुडाखालच्या दगडावर) नुसता टेकलेला असतो, त्याला खाली धरून ठेवते माळवदाची माती. तुम्ही माती टाळून वर पत्रा किंवा कौल टाकणार, म्हणजे प्रत्येक खांबावरचा अडीच-तीन टन भार जाणार. वळिवाच्या वाऱ्यात छप्पर सांगाड्यासकट उचललं जाऊ शकतं. तळखड्याला मध्ये भोक पाडून १६ मिलिमीटरची सळई खालच्या काँक्रीटमध्ये आणि वर खांबात सहा इंच जाऊ द्या. तुळई-खांबाला आतून लोखंडी पट्टी. जाड भिंती सांगाड्याला आडवा आधारही देत होत्या. नवीन भिंत पातळ घेणार असाल तर कोपऱ्याच्या खणांत तिरपे आधार लागतील.

पाया काळ्या मातीत ठेवू नका. मुरूम लागेपर्यंत, चार-पाच फूट तरी जायचं. प्रत्येक खांबाखाली दोन बाय दोनची बैठक, सगळ्या बैठका प्लिंथ बीमनं (जोत्याच्या काँक्रीट तुळईनं) बांधून. जुना दगड जोत्याला वापरा, मातीत असल्यानं तो स्वच्छ सुटतो. नंबर फक्त दर्शनी घडीव थरांना आणि चौकटीच्या दगडांना टाका, डबराला टाकत बसू नका.

कृष्णाकाठ
फार उपयोगी. गोठ्याचं काय? आणि माळवदाखालचे काही वासे बाभळीचे आहेत, ते घ्यावेत का?

मिरजवाला
गोठा तुमच्या यादीतला एकमेव, जो उभाच्या उभा जाऊ शकतो. पत्रे काढा, खांबांच्या बुडाशी चौफेर पाइप वेल्ड करून चौकट करा, कोपऱ्यांत तिरके पाइप, मग बोल्ट सोडा आणि हायड्रा क्रेननं उचला. पण २० फूट रुंदी गावातून निघणार नाही. मधोमध बोल्टचा जोड करून दोन भाग सुटे करा, दहा-दहा फुटांचे. ट्रॉलीची उंची चार फूट, वर गोठा बारा, म्हणजे सोळा. तारा कागदावर अठरा-एकोणीस फुटांवर असतात, झोळ पडलेल्या कमी. महावितरणकडं लाइन बंद ठेवण्याचा अर्ज आधी द्या, काठीनं तार वर ढकलणारा मुलगा ट्रॉलीवर उभा करू नका.

रंधा-पटाशी
बाभळीचे वासे ठोकून बघा. भद्द आवाज आला किंवा खाली पिठासारखी भुकटी पडली तर घुणा लागलाय. ते सागाच्या ढिगाजवळसुद्धा रचू नका, जागेवरच चुलीला लावा. टणक निघाले तर गोठ्याच्या दावणीला घ्या, वाड्याच्या छपराला नको.