मदत हवी आहे: कोऱ्या डीव्हीडी स्वस्तातल्या घ्याव्यात की महाग?

कोयनाकाठ
नमस्कार. कोऱ्या डीव्हीडी घ्यायच्या आहेत. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले: ५० चकत्यांचा डबा ७५० रुपयांना, आणि स्वतंत्र डबीतली एकेक चकती २८० रुपयांना. दोन्हींवर ४.७ जीबी असेच छापलेले आहे. महाग चकती शंभर वर्षे टिकते असे तो म्हणतो, पण त्याने ती स्वतः कधी वापरलेली नाही. माझी सुट्टी रविवारी संपते, तेव्हा कोणती घ्यावी एवढेच कृपया शनिवारपर्यंत सांगावे.

ध्वनिपेटी
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. चकतीवर काय साठवायचे आहे, ते एकूण किती आहे, किती वर्षे टिकायला हवे, चकत्या कुठे ठेवणार आणि चकती लिहिणारा तुमचा ड्राइव्ह, म्हणजे रायटर, कोणता आहे? शिवाय २८० रुपयांच्या डबीवर नेमके काय लिहिले आहे, तेही कळवा.

अण्णा_वाईकर
स्वस्त डबा घ्या. मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण मी २००९ साली अशाच साध्या डीव्हीडीवर घेतले होते आणि मागच्या दिवाळीत ते पाहुण्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवले. चकती हाताळणाऱ्याच्या हातात टिकते, किमतीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

निळी_शाई
अण्णा, तुमची चकती टिकली याचा आनंद आहे, पण एका चकतीवरून डब्यातल्या पन्नास चकत्यांची खात्री देता येत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या साध्या चकतीत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरने तो जागोजागी पालटतो आणि त्या खुणा म्हणजेच आपली माहिती. थर एकसारखा पसरला आहे का, कडा नीट बंद झाली आहे का, मागचा चांदीचा थर हवेपासून झाकला गेला आहे का, यावर आयुष्य ठरते आणि यातले काहीही दुकानात डोळ्यांना दिसत नाही. डब्यावरचे नाव एकाचे आणि माल दुसऱ्याच कारखान्याचा, हेही या धंद्यात नेहमीचे आहे. चकत्या बनवणाऱ्या कंपन्यांपैकी जपानच्या तैयो युदेनने २०१५ अखेर चकत्यांचे उत्पादन थांबवले, आपल्याकडची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली, आणि व्हर्बाटिमचा व्यवसाय २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीकडे गेला. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आजचा डबा निवडणे मला धोक्याचे वाटते.

कोयनाकाठ
मी साधा प्रश्न विचारला होता, पण ठीक आहे, सविस्तर लिहितो.

माझे वडील नारदीय कीर्तन करीत असत. १९८३ ते १९९१ या काळातल्या त्यांच्या कीर्तनांच्या ८४ कॅसेट घरी आहेत. सगळ्या ६० मिनिटांच्या आहेत: पूर्वरंग एका कॅसेटवर, उत्तररंग दुसरीवर, म्हणजे एकूण ४२ कीर्तने. सगळ्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवून झाल्या आहेत. घर पाटण तालुक्यात आहे, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

२००७ साली सहा कीर्तने एका दुकानातून सीडीवर करून घेतली होती. दुकानदाराने प्रत्येक सीडीवर वडिलांचा फोटो असलेला गोल कागद चिकटवून दिला होता. मागच्या आठवड्यात डबे उघडले, तर एका सीडीवरचा कागद फुगला होता. तो हलकेच दाबून बसवायला गेलो, तर कागदाबरोबर चंदेरी पापुद्राच निघून आला आणि ट्यूबलाइटसमोर धरलेल्या सीडीतून पलीकडची नळी दिसू लागली. आता सीडी झाली म्हणून त्या कीर्तनाच्या दोन्ही कॅसेट आम्ही तेव्हा कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. ते कीर्तन गेले. म्हणून विचारतो आहे.

ध्वनिपेटी
हे वाचून फार वाईट वाटले. हे आधी लिहिले असते, तर पहिल्याच प्रतिसादात सांगितले असते की कागद हेच मुख्य कारण असावे. सीडीत चांदीचा थर छापील बाजूला, लाखेच्या अगदी पातळ लेपाखाली असतो, त्यामुळे कागद फुगला किंवा ओढला गेला की तो थर सोबत निघतो. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मधोमध असल्याने तो असा सुटत नाही, पण कागदामुळे चकतीचा तोल जातो, तेव्हा डीव्हीडीवरही कागद चिकटवू नका.

रेकॉर्डिंग मोनो आहे की स्टिरिओ?

टेपवाला_दादा
कॅसेट उतरवण्यापूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले होते का? मळलेल्या हेडवरून उतरवलेला आवाज दबका येतो आणि मग तो कितीही महाग चकतीवर ठेवला तरी दबकाच राहतो.

कोयनाकाठ
हेड पुसले होते, पिंच रोलरही पुसला होता. तो माझा प्रश्न नाही. रेकॉर्डिंग मोनो आहे, वेव्ह फायली, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. रायटर यूएसबीचा आहे. महाग डबीवर एम-डिस्क असे लिहिले आहे.

ध्वनिपेटी
आता हिशेब मांडता येतो. अशा मोनो फायलीला मिनिटाला साधारण ५.३ एमबी लागतात, म्हणजे एका कॅसेटला सुमारे ३२० एमबी आणि ८४ कॅसेटना २७ जीबीच्या आसपास. एका डीव्हीडीवर १४ कॅसेट जेमतेम मावतील, पण चकती आतून बाहेर लिहिली जाते आणि दोष बाहेरच्या कडेला जास्त सापडतात, म्हणून १३ वर थांबा. तुम्हाला लागणार ७ चकत्या. डबा घेतलात तर ४३ उरतील आणि महाग घेतल्यात तर १,९६० रुपये लागतील. एवढ्या थोड्या चकत्यांसाठी पंधरा रुपयांची की २८० ची, हा प्रश्नच मला गौण वाटतो.

निळी_शाई
गौण नाही. एम-डिस्कमध्ये सेंद्रिय रंग नसून असेंद्रिय थर असतो आणि दमट हवेत मला त्याचाच भरवसा वाटतो. मात्र एम-डिस्कची डीव्हीडी लिहायला जास्त ताकदीचा लेसर लागतो. ती वाचायला कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह चालतो, पण लिहिण्यासाठी रायटरवर एम-डिस्कची खूण हवी. पैसे देण्यापूर्वी ती पाहून घ्या.

पुणेरी_बाइट
चकत्यांचा नादच सोडा. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे चकत्यांचे उत्पादन बंद केले. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो. एक हार्डडिस्क घ्या, दुसरी प्रत क्लाउडवर ठेवा आणि निश्चिंत व्हा.

निळी_शाई
हार्डडिस्क जरूर ठेवावी, पण ती एका धक्क्याने किंवा चुकून दाबलेल्या एका बटणाने ४२ च्या ४२ कीर्तनांसह जाऊ शकते. एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरवरून (एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवरून) चुकून काही पुसले जात नाही. वेगळ्या जातीची एक प्रत हवी, म्हणून चकती.

अण्णा_वाईकर
वेगळी प्रत हवी हे मला पटले. पण तिच्यासाठी २८० रुपये मोजायला हवेत, हे अजूनही पटलेले नाही.

कोयनाकाठ
रायटर उलटासुलटा करून पाहिला. डीव्हीडीची खूण आहे, एम-डिस्कची नाही. म्हणजे दुकानदाराचे ऐकून सात चकत्या आणल्या असत्या, तर त्या माझ्याकडे लिहिता आल्या नसत्या. आता काय करू? आणि १३ नको, १२ च ठेवतो. पूर्वरंग एका चकतीवर आणि उत्तररंग दुसरीवर असे मला चालणार नाही. तरीही चकत्या ७ च होतात.

ध्वनिपेटी
जोड्यांचे माझ्या लक्षात आले नव्हते, १२ च योग्य. आता दोन वेगवेगळ्या नामांकित कंपन्यांच्या साध्या डीव्हीडी-आर प्रत्येकी दहा घ्या आणि दोन संच करा. इमगबर्न या चकत्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये चकतीच्या कारखान्याचा संकेत दिसतो. दोन्ही संचांत तो एकच आला, तर एक प्रकार बदलून आणा. १६ एक्स वेगाची चकती ८ एक्स वेगाने लिहा, लिहिल्यानंतरची पडताळणी चालू ठेवा, प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, फाईल बिघडली की तो जुळत नाही) त्याच चकतीवर ठेवा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर तो जुळवून बघा. एक संच पाटणला न ठेवता कोरड्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवा. चकत्या कडक डबीत, उभ्या ठेवा आणि दर दोन वर्षांनी चेकसम पुन्हा जुळवा. पहिली चूक दिसली की त्याच दिवशी नवी प्रत करा.

निळी_शाई
मला यात एवढीच भर घालायची आहे की नाव लिहायचे ते पाण्याच्या शाईच्या पेनने, भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर. आणि कॅसेट यापुढे कुणालाही देऊ नका.

कोयनाकाठ
कॅसेट आता कुठेही जाणार नाहीत. दोन प्रकारच्या दहा-दहा चकत्या आणल्या आणि संकेत वेगवेगळे निघाले. पहिली चकती लिहून शेजारच्यांच्या जुन्या संगणकावर तपासली. १२ पैकी १२ चेकसम जुळले. दुसरा संच सोलापूरच्या आत्याकडे जाईल, तिथे हवा कोरडी आहे. पहिल्या संचातल्या उरलेल्या सहा आज रात्री लिहितो.