मध्यम ताकदीच्या देशाला सातासमुद्रापार स्वारी झेपते का?

गलबत

परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, बरं आरमार असेल तर मध्यम देशसुद्धा हजारो किलोमीटरवर सैन्य उतरवून मुलूख जिंकू शकतो. दक्षिण अटलांटिकमधल्या आपल्या फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाशी झालेलं १९८२ सालचं युद्ध ब्रिटनने जिंकलंच की! मला तर फॉकलंड हाच याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

अर्जेंटिनाने २ एप्रिलला बेटं घेतली आणि १४ जूनला तिथल्या त्यांच्या फौजेने शरणागती पत्करली. ब्रिटनपासूनचं अंतर जवळपास १३,००० किमी. पण वाटेत असेन्शन बेट नसतं तर? बेट ब्रिटिशांचं, धावपट्टी मात्र अमेरिकेने बांधलेली. तिथून एक व्हल्कन बॉम्बर फॉकलंडची राजधानी स्टॅन्लीपर्यंत न्यायला इंधन पुरवणारी ११ व्हिक्टर विमानं उडवावी लागली, आणि २१ बॉम्बपैकी धावपट्टीवर एकच पडला. ब्रिटिशांच्या सी हॅरिअर लढाऊ विमानांची नवी साइडवाइंडर क्षेपणास्त्रंही अमेरिकेचीच. हे सगळं वजा केलं तर स्वबळावर काय उरतं?

उत्तरवारा

सहमत नाही. मित्रांची मदत न घेता लढाया कोण लढतं? मित्र असणं हीही ताकदच.

१९८१ च्या संरक्षण आढाव्यात ब्रिटिश आरमाराला कात्री लागली होती. इन्व्हिन्सिबल ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचंही ठरलं होतं. तरी आक्रमणाला तीन दिवस होताहेत तोवर हर्मिस ही दुसरी विमानवाहू नौका आणि इन्व्हिन्सिबल पोर्ट्समथ बंदरातून निघाल्या. कॅनबेरा आणि क्वीन एलिझाबेथ २ ही प्रवासी जहाजं सैनिकांसाठी ताब्यात घेतली गेली. अर्जेंटिनाचा किनारा बेटांपासून जेमतेम ५०० किमी, तरी हरले ते. २ मे रोजी ब्रिटनच्या एका अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची जनरल बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि त्यानंतर अर्जेंटिनाचं आरमार किनारा सोडून बाहेर आलं नाही. ही कुवत स्वतःची नव्हती का?

तांडेल

मी कोकणातला, बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. लढाऊ जहाजांची चर्चा सगळे करतात, मालवाहू जहाजांची कुणी करत नाही.

अटलांटिक कन्व्हेयर हे साधं कंटेनर जहाज. ब्रिटिश मोहिमेचं सामान घेऊन जाताना २५ मे रोजी त्याला अर्जेंटिनाचं एक्झोसेट हे जहाजभेदी क्षेपणास्त्र लागलं आणि पोटातली तीन चिनूक हेलिकॉप्टरं जळाली. एक हवेत होतं म्हणून वाचलं. सैनिक हेलिकॉप्टरने पुढे न्यायचा बेत त्याबरोबरच गेला. मग पाठीवर ओझी घेऊन, दलदलीतून, हिवाळ्याच्या तोंडावर, ब्रिटिश फौज उतरली त्या सान कार्लोसपासून स्टॅन्लीपर्यंत अशी सुमारे ९० किमीची पायपीट. एक व्यापारी जहाज बुडालं आणि सबंध मोहिमेची चाल बदलली.

आता आजचं बघा. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा आणि खलाशी आमच्यासारखे कोकणातले किंवा फिलिपिन्सचे. युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आमच्या बऱ्याच करारांत लिहिलेला असतो. सरकारने उद्या जहाज ताब्यात घेतलंच, तर चालवणार कोण? ज्या हर्मिसला आपण पुढे आयएनएस विराट म्हणून मुंबईच्या बंदरात पाहिलं, ती एकटी जाऊन काही करू शकली नसती. तिच्यामागे तेल आणि दारूगोळा घेऊन जहाजांची रांग होती.

पाऊलवाट

माझ्या मते दोन गोष्टींची गल्लत होतेय. १९८८ मध्ये आपलं सैन्य आग्र्याहून उडून थेट मालदीवच्या हुलहुले विमानतळावर उतरलं, अंतर २,००० किमीहून जास्त. पण तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी बंड मोडायला बोलावलं होतं आणि विमानतळ बंडखोरांच्या हातात नव्हता. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाचं सैन्य तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरला गेलं ते इंडोनेशियाने होकार दिल्यावर. समोरून गोळी येत असताना किनाऱ्यावर उतरणं निराळं. या धाग्यात फक्त तेच मोजावं.

गलबत

तांडेलांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो मोठा आहे.

उत्तरवारा, दैवाचा वाटाही धरा. अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी इतक्या खालून बॉम्ब टाकले की कित्येक जहाजात घुसूनही फुटले नाहीत. विमानातून सोडायची एक्झोसेट त्यांच्याकडे होती फक्त पाच. तरी ब्रिटनची २५५ माणसं गेली. तेव्हा त्यांच्याकडे साठच्या आसपास विनाशिका आणि फ्रिगेट होत्या, आज वीसही नाहीत. किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी अल्बियन आणि बुलवर्क ही जहाजं काढून टाकायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. शिवाय युद्ध जिंकल्यावर ब्रिटनने काय केलं? तिथेच माउंट प्लेझंटला हवाई तळ बांधला, १९८५ मध्ये तो सुरूही झाला. ज्यांना पुन्हा एवढ्या लांबून येणं जमेल अशी खात्री असते, ते असा तळ कशाला बांधतील?

उत्तरवारा

तळ बांधला कारण बेट राखणं हे परत जिंकण्यापेक्षा स्वस्त. त्यावरून कुवत नव्हती असं ठरत नाही. नव्या दोन विमानवाहू नौका तेव्हाच्या हर्मिसच्या दुपटीहून मोठ्या आहेत. पण त्यांच्यामागची रांग कुठून आणायची, हा तांडेलांचा प्रश्न मला अडवतो. त्यावर आज माझ्याकडे उत्तर नाही.