मदत हवी आहे: कान्टचं ७ + ५ = १२ डोक्यात शिरत नाहीये

टीवायबीएला आहे, तत्त्वज्ञान स्पेशल, मराठी माध्यम. जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या विश्लेषक (कल्पनेत आधीच असलेलं उलगडणारं) आणि संश्लेषक (कल्पनेत नसलेलं नवं काही जोडणारं) विधानांपर्यंत गाडी बरी चालली होती, म्हणजे 'सर्व वस्तू जागा व्यापतात' हे विश्लेषक आणि 'सर्व वस्तूंना वजन असतं' हे संश्लेषक, इथपर्यंत ओके. पण ७ + ५ = १२ हे अनुभवावर अवलंबून नाही आणि तरीही संश्लेषक, इथे गाडी अडली. तो म्हणतो ७ आणि ५ च्या बेरजेच्या कल्पनेत १२ आधीच बसलेला नसतो, बोटं मोजून, म्हणजे 'इन्ट्यूशन'ची मदत घेऊन, तिथवर जावं लागतं. मी खरंच बोटं मोजली, हसू नका, पण मग बोटं मोजणं हा अनुभवच झाला ना?

नोट्स दोनदा वाचल्या, इंग्रजी भाषांतर मोबाइलवर मराठीत करून पाहिलं तर 'इन्ट्यूशन'चं थेट 'अंतर्ज्ञान' झालं, एकदम साधूबाबाच! मूळ जर्मन शब्द 'आन्शाउउंग' आहे एवढं कळलंय. जाड इंग्रजी पुस्तकं सुचवू नका प्लीज, पेपर तीन आठवड्यांवर आलाय.

तर बोटं मोजूनही ते अनुभवाधारित का नाही, आणि 'आन्शाउउंग'ला उत्तरपत्रिकेत मराठीत काय लिहायचं?