मदत हवी आहे : इंदूरहून नाशिकची वाइन सहल, इटालियन धाटणीची रेड कुठे चाखायला मिळेल?

माळवामाती

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं आणि नणंद-नंदावा असे चौघं इंदूरहून गाडीनं नाशिकला निघतोय. चार रात्री हाताशी आहेत. जायचं ते वाइनसाठी, त्यातही रेडसाठी, आणि त्यातही इटलीच्या वळणाच्या रेडसाठी. नाशिकच्या वायनरींवरचे जुने धागे वाचून काढले. राहायचं कुठे, सूर्यास्त कुठून छान दिसतो, हे सगळं त्यांत आहे. ग्लासातल्या वाइनबद्दल मात्र फार थोडं आहे, म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझी चव सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

मुलगी दोन वर्षं इटलीत सिएनाला शिकायला होती. तिला भेटायला गेलो तेव्हा तिच्या घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. शिळा पाव, पांढरे राजमे आणि काळपट पानांचा कोबी घालून केलेलं दाट सूप, वर ऑलिव्ह तेलाची धार. सोबत किआंती, म्हणजे तिकडची रेड वाइन, तीही पाणी प्यायच्या बुटक्या पेल्यांत. पहिल्याच घोटाला जिभेच्या कडांना पाणी सुटलं. तिकडचे लोक आंबट चेरी म्हणतात. मला आजोळची करवंदं आठवली, धड न पिकलेली, ओठाला चीक लागतो तशी. मग हिरड्यांवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा. घोट घेतला की सूप खावंसं वाटे, सूप खाल्लं की घोट. पेला संपला तरी डोकं जड नाही, तोंड जड नाही.

तोवर आपल्याला रेड वाइन आवडत नाही, अशीच माझी समजूत होती. इथे जी काही प्यायले होते ती गोडसर, दाट, व्हॅनिलाच्या वासाची. जेवणाशी तिचं जमतच नसे.

परत आल्यावर वाचत गेले. त्या द्राक्षाचं नाव सांजोवेसे. सिएना ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानाचं मुख्य लाल द्राक्ष. किआंती क्लासिकोत, म्हणजे मानेवर काळ्या कोंबड्याची खूण असते त्या बाटलीत, ते किमान 80 टक्के असावं लागतं. ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो तर पूर्ण 100 टक्के त्याचीच. उत्तरेला पिएमोन्तेत बारबेरा आहे, आंबट जास्त आणि तुरट कमी. तिथलीच नेब्बिओलो, जिची बारोलो होते, रंगानं फिकट आणि तुरटपणाला जबर. सगळ्यांत समान धागा म्हणजे आंबटपणाचा कणा, आणि जेवणाच्या ताटाशेजारी बसायची सवय. मी शोधतेय ती हीच गोष्ट. लेबलवर इटालियन नाव नसलं तरी चालेल.

आता एक वाईट अनुभव. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात नाशिकच्या एका वायनरीत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलानं आदल्या दिवशी उघडलेली बाटली पुढे केली. रेड आहे, ती खोलीच्या तापमानालाच प्यायची असते, म्हणाला. खोलीत पंखा फिरत होता आणि बाहेर ऊन रणरणत होतं. खोकल्याच्या औषधासारखी लागली. मला तेव्हा काही कळत नव्हतं, त्यामुळे दोष वाइनलाच दिला. आज समजतं की 'खोलीचं तापमान' म्हणजे युरोपातली जुनी दगडी खोली, सोळा-अठरा अंशांची. आपल्या मे महिन्यातली नव्हे. त्या दिवसाचं वाईट अजूनही वाटतं, कारण त्या एका घोटामुळे आम्ही पाच-सहा वर्षं इथल्या वाइनकडे फिरकलोच नाही.

माझ्या शोधात दोन वायनरींची नावं वर आली आहेत. अकलूजची फ्रटेली, जिथे इटालियन भाऊ भागीदार आहेत आणि सांजोवेसे लावली आहे. आणि निफाडजवळ कुंदेवाडीची रेवेलो, जिथे सिसिलीच्या नेरो दावोला या लाल द्राक्षाची वाइन होते. पुण्याच्या भाच्यानं फ्रटेलीची सांजोवेसे आणली होती. ती आवडली. किआंतीपेक्षा फळ जास्त पिकलेलं वाटलं, पण करवंदाची ओळख पटली. वांग्याच्या भरताबरोबर प्यायलो, भाकरीसकट.

तर विचारायचं असं की नाशिक भागात अशी आंबट बाजूची, मध्यम अंगाची रेड आणखी कोण करतं? अकलूजला जाणं चार दिवसांत झेपेल का? आणि परतताना दहा-बारा बाटल्या गाडीतून आणायच्या तर कशा आणाव्यात? ड्रायव्हर सोबत घेतोय, त्यामुळे ती काळजी नाही.

---

द्राक्षवेल

ताई, वेळ उत्तम निवडलीत. आमची बाग पिंपळगाव बसवंतजवळ आहे, खायच्या द्राक्षांची. दोन हंगाम वाइनचीही लावून पाहिली होती. म्हणून थोडं लांबण लावतो.

इटलीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. तुम्ही याल तेव्हा क्रेट भरभरून माल येत असेल, टाक्यांत रस फसफसत असेल. कोणी परवानगी दिली तर वेलीवरचा एक मणी तोंडात टाकून बघा. खायच्या थॉमसन द्राक्षासारखा कुरकुरीत मोठा मणी नसतो. बारका, जाड सालीचा, आत बिया. साल चावत राहिलात तर तुमच्या हिरड्यांवरचा तो चहा तिथेच सापडेल.

आता आंबटपणाचं. रात्री थंड असतील तर मण्यातलं आम्ल टिकतं, उष्णता वाढली की ते झपाट्यानं घटतं आणि साखर चढते. आमच्या निफाड तालुक्याचा पारा हिवाळ्यात दरवर्षी बातम्यांत असतो. खायच्या द्राक्षाला ती थंडी घातक, मणी तडकतात, आम्ही पहाटे शेकोट्या पेटवतो. वाइनच्या द्राक्षाला थंड रात्री मानवतात. पण मार्चचं ऊन लागलं की तोच घड गोड आणि सपक होऊ लागतो. म्हणून टेस्टिंगला बसलात की एकच प्रश्न विचारा: ही द्राक्षं कोणत्या महिन्यात काढली? जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला म्हणाले, तर ग्लास पुढे करा. ओकच्या लाकडी पिंपात किती महिने ठेवली, हे त्यानंतर विचारा. ओक जितका कमी, तितकं तुमच्या चवीच्या जवळ.

नेरो दावोलाचं नाव काढलंत ते बरोबर केलंत. आव्होला हे सिसिलीच्या आग्नेय टोकाकडचं गाव, कडक उन्हाचा मुलूख. उन्हात वाढूनही आम्ल राखणारी जात आहे, त्यामुळे आपल्याकडे ती लावण्यात मला शहाणपण वाटतं. आणि कुंदेवाडी तुमच्या वाटेवरच आहे की! सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड करत आलात की पिंपळगावहून निफाडकडे वळा. नाशिकला पोचून परत मागे येऊ नका. मात्र काढणीच्या दिवसांत सगळे कामात असतात, आधी फोन करून वेळ ठरवा.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे, तिची झिनफँडेल मिळाली तर चाखा. झिनफँडेल आणि दक्षिण इटलीतल्या पुलियाची प्रिमितिवो ही एकच जात, डीएनए तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. पण ती फळाळ बाजूची, तुमच्या करवंदाची नव्हे. नातं म्हणून प्या.

---

नदीपार

पुण्याहून लिहितोय. फ्रटेलीला दोनदा गेलो आहे. नाशिकहून अकलूज म्हणजे पुणे ओलांडून खाली सोलापूर जिल्ह्यात. जाण्यात एक दिवस, आणि तिथून इंदूर आणखी लांब. चार रात्रींत दोन्ही केलंत तर गाडीतच बसून राहाल. माझं मत स्पष्ट आहे: या खेपेला नाशिक, अकलूज पुढच्या हिवाळ्याला स्वतंत्र.

पण पुढच्या वेळी नक्की जा. फ्रटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू अशा तीन जोड्या. वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. उसाच्या मुलखात द्राक्षांच्या रांगा बघून मला तर भरून आलं होतं. त्यांची सेत्ते ही सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्योंची मिश्र वाइन, ओकमधली. घाईनं उघडू नका, एक-दोन वर्षं ठेवली की तुरटपणा बसतो. रोजच्या जेवणाला मात्र साधी सांजोवेसेच बरी, ताईंनी भरताबरोबर घेतली ते अगदी योग्य. टोमॅटोचा रस्सा, वांगं, चुलीवरचं काहीही, त्याच्याशी ती जमते. तिखटाशी जमत नाही. मिरचीनं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही टोचायला लागतात.

म्हणून एक विनंती. इंदूरची मंडळी प्रवासाला निघाली की डब्यात लौंग शेव असतेच. टेस्टिंगच्या सकाळी ती उघडू नका. फुटाणे किंवा साधा पाव खा.

ग्लास कोमट वाटला तर बर्फाच्या भांड्यात बाटली दहा मिनिटं ठेवायला सांगा. संकोच करू नका, चांगली वायनरी आनंदानं ठेवते. आणि प्रत्येक घोट गिळायलाच हवा असं नाही, थुंकायचं भांडं मागा. सहा-सात वाइन चाखायच्या तर तिसऱ्यानंतर जीभ बधिर होते.

---

माळवामाती

द्राक्षवेलदादा, नदीपार, दोघांचे मनापासून आभार. काढणीचा महिना विचारायचा, हे मला कधीच सुचलं नसतं.

अकलूज या खेपेला सोडलं. नवऱ्याला जरा वाईट वाटलं, त्याला उसात उभ्या द्राक्षबागा बघायच्या होत्या, पण वीस तास गाडीत घालवायला तोही तयार नाही. आता पहिल्या दिवशी इंदूरहून पहाटे पाचला निघून दुपारी निफाड, संध्याकाळी नाशिक. दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाची बाजू. तिसरा दिवस मोकळा ठेवलाय. इगतपुरीकडे कावनईच्या व्हॅलोनेचं नाव बहीण सुचवतेय. ती फ्रेंच वळणाची, मर्लो आणि मालबेक करतात, म्हणजे माझ्या शोधाबाहेरची. पण तलावाकाठी जेवायला नणंदेला आवडेल. सहल तिचीही आहे.

लौंग शेवेचा डबा परतीच्या प्रवासासाठी सीटखाली राहील. शब्द देते.

बाटल्यांचं मात्र कोणी सांगितलं नाही. सेंधव्याच्या अलीकडे-पलीकडे नाक्यावर अडवतात का?

---

द्राक्षवेल

राज्याची हद्द ओलांडताना तुमच्या मध्य प्रदेशचा नियमही लागतो, म्हणून इंदूरच्या आबकारी (दारूवरच्या उत्पादन शुल्काच्या) कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारून घ्या. माणशी किती बाटल्या चालतात आणि कागद कोणता लागतो, ते तिथेच कळेल. त्या आकड्याच्या वर एकही घेऊ नका. प्रत्येक बाटलीचं बिल जपून ठेवा आणि चौघांच्या नावानं वेगवेगळं करून घ्या.

बाटल्या डिकीत ठेवू नका. धुळ्यापासून पुढे दुपारी डिकी तापते, वाइन शिजते आणि बूच वर सरकतं. मागच्या सीटसमोर पायाशी, आडव्या, जाड टॉवेलमध्ये. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत.

---

माळवामाती

उद्याच आबकारीत जाऊन येते. आमच्या औषधवाल्याकडे लसींचे रिकामे थर्मोकोलचे खोके पडून असतात, त्यांतले दोन मागून आणले. प्रत्येकात सहा बाटल्या आडव्या बसतात, घरच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिलं. कुंदेवाडीलाही सकाळी फोन करते.